सायकलवरून अख्खा हिंदुस्थान पालथा घालणारी फॅनी

हल्ली काश्मीर ते कन्याकुमारी अशा सायकल सहली निघतात. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि निघायचं. पुढे वाट दाखवणारा माणूस, मागे सामानाची गाडी, पंक्चर काढायला मेकॅनिक, रात्रीचा मुक्काम आधीच ठरलेला. या सहलींना चाळिशी-पन्नाशीच्या बायकाही जातात. पेपरात त्यांचा फोटो येतो. आपण कौतुकाने बघतो, ‘बाई बाई, काय ही हिंमत!’ म्हणतो आणि पान उलटून कुकर लावायला उठतो.

पण मैत्रिणींनो, सव्वाशे वर्षांपूर्वी एक बाई आपल्या देशाच्या दक्षिण टोकाकडून थेट हिमालयाच्या पायथ्यापर्यंत सायकलने गेली होती, हे तुम्हाला ठाऊक आहे का? तेव्हा ना डांबरी रस्ते होते, ना मागून येणारी गाडी, ना मोबाइल. वय अडतीस. दोन मुलांची आई झालेली, त्यातलं एक मूल गमावलेली. अंगात लांब झगा आणि डोक्यावर उन्हाची टोपी. तिचं नाव फॅनी बुलक वर्कमन.

फॅनीचा जन्म ८ जानेवारी १८५९चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुस्टर गावचा. घर चांगलंच श्रीमंत. वडील अलेक्झांडर बुलक त्या राज्याचे गव्हर्नर होते आणि आईच्या माहेरी बंदुकीच्या दारूचा मोठा कारखाना होता. तीन भावंडांत फॅनी सगळ्यांत धाकटी. शिकवायला घरी बाई यायच्या. मग न्यूयॉर्कला मुलींच्या शाळेत घातलं, तिथून पॅरिस आणि ड्रेस्डेनला पाठवलं. श्रीमंताच्या लेकीला जे शिकवतात ते सगळं शिकवून झालं, आता चांगलं स्थळ बघून लग्न करून द्यायचं. आपल्याकडे काय आणि तिकडे काय, रीत तीच!

१८८२ मध्ये तिचं लग्न झालं. नवरा विल्यम हंटर वर्कमन हा डॉक्टर, तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. या माणसाला डोंगरात भटकायचा नाद होता आणि बायकोने घरी बसून आपली वाट बघावी असं काही त्याला वाटत नव्हतं. त्याने तिला न्यू हॅम्पशायरच्या डोंगरांत नेलं. फॅनीला तिथे पहिल्यांदा कळलं की आपले पाय नुसते गालिचावर चालण्यापुरते नाहीत.

१८८४ मध्ये मुलगी झाली, रेचल. दोघांच्या वडिलांच्या मागे या जोडप्याच्या हाती भरपूर पैसा आला. विल्यमची तब्येत बरी नव्हती म्हणून त्याने डॉक्टरकी सोडली आणि १८८९ मध्ये बिऱ्हाड जर्मनीला हलवलं. त्याच वर्षी मुलगा झाला, सीगफ्रीड. पण १८९३ मध्ये हा चार वर्षांचा पोर फ्लू आणि न्यूमोनियाने गेला.

लेकरू गेल्यावर बाईचं काय होतं हे मी सांगायला नको. कुणी देवाला धरतं, कुणी अंथरूण धरतं. फॅनीने सायकल धरली.

त्या काळात सायकल ही नवलाईची चीज होती. आधीच्या सायकलींचं पुढचं चाक छातीइतकं उंच असायचं. त्यावर चढायचं म्हणजे सर्कसच, आणि झगा घालून तर शक्यच नाही. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये स्टार्लीने दोन्ही चाकं सारखी असलेली, साखळीवर चालणारी सायकल बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर काढला आणि हाडं खिळखिळी होणं थांबलं. मग बायकांसाठी मधला दांडा खाली उतरवलेल्या सायकली आल्या. आपण आजही ‘लेडीज सायकल’ म्हणतो ना, तीच ही.

अर्थात टीका करणारे होतेच. सायकल चालवून बाईचा चेहरा कायमचा ओढल्यासारखा होतो, असं छापून यायचं! काही डॉक्टरही त्यात सामील. बाई घराबाहेर पडायला लागली की तिच्या तब्येतीची काळजी सगळ्यांना एकदम का वाटायला लागते, कोण जाणे.

फॅनी आणि विल्यम आधी अल्जीरियाला गेले, अॅटलास पर्वत ओलांडून सहाराच्या वाळवंटाच्या कडेपर्यंत. त्या प्रवासाचं पुस्तक १८९५ मध्ये निघालं. त्याच वर्षी दोघांनी स्पेन पालथा घातला. साधारण साडेचार हजार किलोमीटर! रोज सत्तर-बहात्तर किलोमीटर सरासरी, आणि एखाद्या दिवशी सव्वाशेच्या पुढेही. प्रत्येकाच्या सायकलवर नऊ-दहा किलोचं सामान. अंगावर येणाऱ्या कुत्र्यांसाठी फॅनी जवळ चाबूक ठेवायची.

आणि मग आला हिंदुस्थान.

नोव्हेंबर १८९७ मध्ये ही स्वारी सुरू झाली आणि पुढची अडीच वर्षं चालली. श्रीलंका, भारत, ब्रह्मदेश, जावा असं सगळं मिळून चौदा हजार मैल, म्हणजे साडेबावीस हजार किलोमीटर. त्यातले दक्षिण टोकापासून हिमालयापर्यंतचे चार हजार मैल, म्हणजे जवळजवळ साडेसहा हजार किलोमीटर, आपल्या मातीतले.

१८९७ हे साल आठवतंय का? प्लेगचं साल. याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता आपल्या सावित्रीबाई गेल्या. आपल्या खापरपणज्या तेव्हा आठव्या-नवव्या वर्षी बोहल्यावर चढत होत्या. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं तर सोबत कुणीतरी हवंच. अशा देशात एक परकी बाई पॅडल मारत रस्त्याने चालली आहे... बघणाऱ्यांना काय वाटलं असेल!

सामान किती? आपण दोन दिवस माहेरी जाताना याहून जास्त नेतो. चहा, साखर, बिस्किटं, चीज, डब्यातलं मांस, पाणी. एकेक उशी, एकेक ब्लँकेट. लिहायचं साहित्य, औषधं आणि पंक्चर काढायची हत्यारं. बस्स. खाणंपिणं मिळत राहावं म्हणून ते मुद्दाम रेल्वेच्या जवळचे मोठे रस्ते धरायचे. मुक्कामाची सोय झाली नाही तर स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये रात्र काढायची. कधी पोटभर जेवण नाही, कधी पाणी संपलेलं. डासांचे थवे. झोपायच्या खोलीत उंदरांचा धुमाकूळ. आणि पंक्चर? एकेका दिवशी चाळीसपर्यंत! एका पंक्चरला आपला अर्धा दिवस वाया जातो आणि सायकल दुकानात टाकून आपण रिक्षाने घरी येतो. इथे चाळीस वेळा चाक काढा, ट्यूब बाहेर ओढा, भोक शोधा, ठिगळ लावा, पंप मारा आणि पुन्हा चालू लागा. मला विचाराल तर हिमालयापेक्षा हेच अवघड काम.

फॅनी नुसती भटकत नव्हती. निघण्यापूर्वी तिने आणि विल्यमने रामायण, महाभारत, जातककथा वाचलेल्या होत्या. तिला बघायची होती ती आपली जुनी देवळं, लेणी, स्तूप, कमानी, नक्षीकाम. दोघं फोटो काढायची, टिपणं ठेवायची. त्यातून १९०४ मध्ये ‘थ्रू टाउन अँड जंगल’ नावाचं जाडजूड पुस्तक तयार झालं.

पण इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. या पुस्तकात देवळं खूप आहेत, माणसं मात्र कमी. ज्या वाटेने ती गेली, त्या वाटेवर डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका तिला दिसल्या नसतील का? शेतात वाकलेल्या, कडेवर मूल घेतलेल्या? दिसल्या असणारच. पण दगडातली देवी तिने जितक्या निरखून पाहिली, तितकं हाडामांसाच्या बाईकडे पाहिलं नाही. ती राज्यकर्त्यांच्या रंगाची होती आणि तिची नजरही बरीचशी तशीच होती. हे सांगितल्याशिवाय तिची गोष्ट पुरी होत नाही.

१८९८च्या उन्हाळ्यात मैदानातला उकाडा सहन होईना, तेव्हा दोघं काश्मीर-लडाखकडे सरकली. सायकली मागे ठेवल्या आणि चौदा ते अठरा हजार फुटांवरच्या खिंडी पायी ओलांडल्या. तो बर्फ बघून फॅनी हरखूनच गेली. त्यानंतरची चौदा वर्षं तिने हिमालय आणि काराकोरमचा पिच्छा सोडला नाही. आठ मोहिमा केल्या!

मैदानात त्यांना वाटाड्या लागला नव्हता, नकाशा आणि रेल्वेचे रूळ पुरले होते. डोंगरात मात्र युरोपातले नावाजलेले वाटाडे आणि शंभर-शंभर स्थानिक हमाल घ्यावे लागले. १८९९ मध्ये झुरब्रिगन नावाच्या वाटाड्याला घेऊन ती बियाफो हिमनदीवर गेली. तिथे तिने एका शिखराला नाव दिलं ‘सीगफ्रीडहॉर्न’. गेलेल्या लेकाचं नाव. त्याच मोहिमेत ती कोसर गुंगे नावाच्या एकवीस हजार फुटांच्या शिखरावर चढली. तोवर इतक्या उंचीवर कुठलीच बाई गेल्याची नोंद नव्हती. पुढे १९०६ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तिने नून-कून भागातलं पिनॅकल शिखर गाठलं. उंची ६,९३० मीटर. ऑक्सिजनचं नळकांडं नाही, आजच्यासारखे हलके बूट आणि कपडे नाहीत, आणि अंगात झगाच! फार तर तो बुटांपर्यंत आखूड केलेला. बायकांमधला तिचा हा विक्रम १९३४ पर्यंत कुणी मोडला नाही.

नवरा-बायकोने कामाची वाटणी कशी केली होती, तेही ऐकण्यासारखं आहे. एका वर्षी माणसं, धान्य, तंबू, हिशेब ही सगळी व्यवस्था फॅनी बघायची आणि मोजमापं, शास्त्रीय नोंदी विल्यम करायचा. दुसऱ्या वर्षी उलट. म्हणजे एक जण कायम डोकं लावणारा आणि दुसरी कायम डबे भरणारी असं नाही. दोघांनी मिळून आठ पुस्तकं लिहिली. आमच्या बचत गटात मी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांत जास्त चर्चा या वाटणीवरच झाली. विक्रमाचं फारसं कुणाला काही नाही, पण नवऱ्याने एक वर्षाआड घरचं सगळं बघायचं, यावर मात्र अर्धा तास हसणं चाललं होतं!

आता तिच्या स्वभावाची दुसरी बाजू. फॅनी हट्टी होती, तोंडाने फटकळ होती आणि आपला मान कुणी हिरावून घेईल हे तिला खपत नसे. १९०८ मध्ये अॅनी पेक नावाची दुसरी अमेरिकन गिर्यारोहक पेरू देशातलं वास्करान शिखर चढली आणि आपण फॅनीपेक्षा उंच गेलो असं तिने जाहीर केलं. फॅनीने काय करावं? स्वतःच्या खिशातले तेरा हजार डॉलर खर्चून तिने फ्रेंच मोजणीदार थेट पेरूला पाठवले आणि तो डोंगर मोजून घेतला! डोंगर अॅनीच्या अंदाजापेक्षा बराच कमी भरला. विक्रम फॅनीकडेच राहिला. खरं तर अॅनी काही पैसेवाली नव्हती, एकेक डॉलर गोळा करून, पन्नाशी उलटल्यावर ती त्या डोंगरावर गेली होती. फॅनी जिंकली ती मापात. मनाचा मोठेपणा काही तिने दाखवला नाही.

हमालांशीही तिचं फारसं जमलं नाही. हे लोक अर्ध्या वाटेवर सोडून जातात, काम टाळतात अशा तक्रारी तिच्या पुस्तकांत सापडतात. पण पाठीवर ओझं घेऊन बर्फात चालणाऱ्या गरीब माणसाला पुढे जायची भीती का वाटते, घरी त्याची कोण वाट बघत असेल, हा विचार तिने फारसा केला नाही. त्या काळातही तिच्यावर यासाठी टीका झाली होती.

आणि रेचल? आईवडील देशोदेशी फिरत असताना रेचल आधी दायांकडे आणि नंतर इंग्लंडमधल्या वसतिगृहाच्या शाळेत वाढली. आई म्हणून फॅनीला कुठे बसवायचं, हा प्रश्न कुणाही बाईच्या मनात येणारच. मी तिची वकिली करणार नाही. पण एक प्रश्न मलाही पडतो. विल्यमही तेवढाच दूर होता, मग बाप म्हणून त्याला हा प्रश्न कुणी विचारत कसं नाही?

रेचल मात्र वाया गेली नाही. ती भूगर्भशास्त्र शिकली. १९१९ मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेने पहिल्यांदाच बायकांना सदस्य करून घेतलं, त्या पहिल्या बायकांत ती होती. तिचं लग्न अलेक्झांडर मॅकरॉबर्ट यांच्याशी झालं. कानपूरची ‘लाल इमली’ची लोकरी गिरणी आपल्यातल्या पुष्कळ जणींना ऐकून माहीत असेल, ती वाढवणारे हेच गृहस्थ. पुढे रेचलचे तिन्ही मुलगे विमान उडवताना गेले. एक १९३८ मध्ये अपघातात आणि दोघे १९४१ मध्ये युद्धात. तेव्हा या बाईने रडत न बसता पंचवीस हजार पौंड देऊन इंग्लंडच्या हवाई दलाला एक बॉम्बफेकी विमान घेऊन दिलं. पोटचं पोर गेल्यावर उठून उभं राहणं तिने आईकडूनच घेतलं असावं, असं मला आपलं वाटतं.

फॅनीची शेवटची मोठी मोहीम १९११-१२ ची, आणि ती कुठे माहीत आहे? सियाचिनला! आपले जवान जिथे १९८४ पासून पहारा देतात, तीच सत्तर किलोमीटरहून लांब हिमनदी. तिथे जाऊन फॅनीने मोजणीदारांच्या मदतीने तिचा नीट नकाशा तयार करवून घेतला. त्या मोहिमेत तिच्याबरोबर चालणारा एक इटालियन माणूस हिमनदीच्या भेगेत पडून मरण पावला. फॅनी त्याच्यापासून अवघ्या काही पावलांवर होती, थोडक्यात वाचली. तरी ती मागे फिरली नाही.

तिथेच, जवळजवळ एकवीस हजार फुटांवर, तिने एक फोटो काढून घेतला. हातात वर्तमानपत्र उघडून धरलेलं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत बायकांना मताचा हक्क मागणारा मथळा. अमेरिकेत सगळीकडच्या बायकांना तो हक्क मिळायला १९२० साल उजाडावं लागलं. आपल्याला स्वतंत्र भारतात तो मागावा लागला नाही, म्हणून मतदानाच्या दिवशी आपण त्याची किंमत विसरतो, नाही का?

मानसन्मान तिला भरपूर मिळाले. १९०५ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढे तिने भाषण केलं. तिथे बोलणारी ती दुसरीच स्त्री. पॅरिसच्या सॉरबोन विद्यापीठात व्याख्यान देणारी पहिली अमेरिकन बाईही तीच. युरोपातल्या दहा भूगोल संस्थांनी तिला पदकं दिली. १९१७ पासून तब्येत ढासळत गेली आणि २२ जानेवारी १९२५ रोजी फ्रान्समधल्या कान इथे तिचं निधन झालं.

जाताना तिने काय ठेवलं? सव्वा लाख डॉलर, अमेरिकेतल्या चार महिला महाविद्यालयांना. मुलींनी शिकावं म्हणून. मला तिच्या सगळ्या शिखरांपेक्षा हे शिखर मोठं वाटतं.

तुम्ही म्हणाल, तिच्याकडे पैसा होता, साथ देणारा नवरा होता, घरी नोकरचाकर होते. तिला जमलं यात काय नवल? बरोबर आहे. पण पैसा तर तिच्या कितीतरी मैत्रिणींकडेही होता. पॅडल मात्र पायानेच मारावं लागतं, ते पैशाने फिरत नाही. आणि बिनपैशाच्या बायकांनीही सायकल हाती घेतलेली आहेच की. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ मध्ये साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवायला सुरुवात झाली. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या ताई अशा लाखाहून जास्त बायका सायकल शिकल्या. पाणी आणणं, माल बाजारात नेणं, मुलाला शाळेत सोडणं, सगळं नवऱ्याची वाट न बघता व्हायला लागलं. त्यांच्यासाठी ती सुट्टीतली सहल नव्हती, रोजचं सुटकेचं साधन होतं.

आपल्याकडेही आता गावागावांत मुली सायकलने शाळेत जाताना दिसतात. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून लांबच्या मुलींना सायकली मिळतात. सकाळी त्यांची रांग रस्त्याने जाताना बघून जीव कसा सुखावतो! पण बारावी झाली, लग्न झालं की सायकल भिंतीला टेकते, तिच्यावर गोधड्या वाळत पडतात. सासरी कुणी म्हणत नाही की सूनबाई, तुझी सायकल घेऊन ये.

फॅनीची खरी वाट लग्नानंतर, दोन बाळंतपणांनंतर, एका मोठ्या दुःखानंतर सुरू झाली, हे मला फार मोलाचं वाटतं. तिचं सगळंच घेण्यासारखं नाही. हमालांच्या पाठीकडे न बघण्याची तिची सवय आपल्याला नको. आपण घराबाहेर पडताना आपलं ओझं कुणाच्या पाठीवर पडतं आहे, सासूच्या, थोरल्या लेकीच्या की कामवाल्या मावशींच्या, हे जरूर बघावं. पण आता माझं वय गेलं, हे वाक्य तेवढं तिच्याकडे बघून सोडून द्यावं.

देश नको, हिमालय नको. घरात धूळ खात पडलेली सायकल असेल तर तिच्यात हवा भरून घ्या. पहिल्या दिवशी बाजारापर्यंत जा. पोरं हसतील, शेजारीण खिडकीतून बघेल. बघू दे. चार दिवसांनी तीच विचारेल, मलाही शिकवता का हो?